पाट्यावरचा मासा

तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरात मी एकटीच होते, तरी मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई, हा तर पाटा!"

फोटोखालची माहिती नंतर वाचली. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हंबनतोटा जिल्ह्यात गोडवाया नावाचं छोटं गाव आहे. तिथून चारेक किलोमीटर समुद्रात, सुमारे ३३ मीटर खोलीवर एका जहाजाचे अवशेष आहेत. हिंदी महासागरात आजवर सापडलेल्या जहाजांतलं हे सगळ्यात जुनं. सुमारे २,००० वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचं राज्य असताना बुडालेलं. त्यातून वर आलेली ही दगडी वस्तू. चार आखूड पाय, सपाट माथा, आणि दगडात कोरलेली तीन चिन्हं: नंदीपद आणि श्रीवत्स ही बौद्धांतही पवित्र मानली जाणारी चिन्हं, आणि मासा.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी मागच्या पडवीत पाटा होता. त्याला पाय नव्हते, तो जमिनीतच बसवलेला होता, पण माथा अगदी असाच. वर्षानुवर्षांच्या वाटणानं मध्ये किंचित खोलगट झालेला. सुट्टीत सकाळी जाग यायची ती त्याच्या आवाजानं. ओलं खोबरं, मिरची, आलं वाटताना आजी गुडघा उंच करून बसायची आणि वरवंटा पुढे जाताना एक आवाज यायचा, मागे येताना दुसरा. वाटण झालं की पाटा धुतलेलं पाणीही ती वाया घालवायची नाही, ते आमटीत जायचं. वर्षातून एकदा वडारीण यायची. "पाटे, वरवंटे, जाती टाकवून घ्याऽऽ" ही तिची हाक आळीच्या टोकापासून ऐकू यायची. मग पाट्यावर छिन्नीची टकटक सुरू व्हायची आणि गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरबरीत होऊन वाटायला तयार व्हायचा.

कोकणात सगळीकडे जांभा. घर जांभ्याचं, गडगा जांभ्याचा, विहीर जांभ्याची. पण जांभ्याचा पाटा होत नाही. तो झिजून वाटणात उतरतो. पाट्याला काळाच दगड लागतो आणि तोही नीट पारखलेला. आमचा पाटा पणजीच्या लग्नानंतर दाभोळच्या बंदरात गलबतातून उतरला होता, असं आजी सांगायची. लहानपणी त्यात मला काही विशेष वाटलं नव्हतं. गलबतातून मीठ यायचं, कौलं यायची, तसा पाटा आला. गलबत पाण्यात नीट बसावं म्हणून तळाशी भार घालावा लागतो, त्याला नीरम म्हणतात. पाटे-वरवंटे तळाशी घातले की नीरम झालं आणि मालही झाला.

म्हणून गोडवायाच्या त्या फोटोनं मला जागेवर खिळवून ठेवलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका तांडेलानं जे जहाजात भरलं होतं, ते माझ्या पणजीच्या घरी तसंच, तशाच वाटेनं आलं होतं.

हे जहाज २००३ साली पहिल्यांदा दिसलं ते शंख काढणाऱ्या स्थानिक पाणबुड्यांना. समुद्रातल्या अशा शोधांची सुरुवात बहुतेकदा पोटासाठी पाण्यात उतरणाऱ्या माणसापासून होते. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उलुबुरुन इथं १९८२ साली स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्यानं तळाशी "कान असलेली धातूची बिस्किटं" पाहिल्याचं सांगितलं. त्या तांब्याच्या लाद्या निघाल्या आणि जहाज निघालं इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातलं. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळचं नवव्या शतकातलं जहाज १९९८ साली सापडलं, तेही समुद्रकाकडी काढणाऱ्या मच्छीमारांना. ही माणसं तळाकडे रोज पाहतात. कुठला दगड समुद्राचा आणि कुठला माणसानं घडवलेला हे त्यांना कळतं.

गोडवायाला पुरातत्त्वज्ञांनी बुड्या घ्यायला सुरुवात केली ती २००८ च्या सुमारास. पुढे २०१२ ते २०१४ या काळात श्रीलंकेच्या तज्ज्ञांबरोबर अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ नॉटिकल आर्किऑलॉजीचं पथक तिथं काम करत होतं. त्यांना दिसला तो लोखंड आणि तांबं गंजून, समुद्राच्या चुन्यात घट्ट जमून झालेला एक मोठा ढिगारा. त्याच्या आजूबाजूला मातीची भांडी, पाटे-वरवंटे, आणि काचेचे ओबडधोबड गोळे. गोळे म्हणजे खाली गोलसर, वर सपाट, मुशीत ओतून थंड केलेली कच्ची काच. तिचा एकही मणी झालेला नव्हता.

या कच्च्या काचेपाशी मला थांबायचं आहे, कारण समुद्राखालचं उत्खनन जमिनीवरच्या उत्खननापेक्षा वेगळं काय सांगतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

तेर, पैठण, नेवासे, सातवाहनकाळातलं कुठलंही गाव उकरा, काचेचे मणी मिळतात. पण मणी ही त्या काचेची शेवटची अवस्था. मधली अवस्था जमिनीवर सहसा राहत नाही. काचेचा गोळा बंदरात उतरला, बैलावर चढला, मणेराच्या भट्टीत गेला की गोळा म्हणून संपला. लोखंडाच्या कांबीचा फाळ झाला, फाळ झिजला, परत भट्टीत जाऊन त्याचा विळा झाला. मुक्कामाला पोचलेला माल वापरला जातो आणि वापरलेला माल दिसेनासा होतो. जहाज बुडालं तरच तो होता तसा राहतो. शिवाय गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, शंभर-दोनशे वर्षांचा कचरा एकमेकांत मिसळलेला असतो. जहाजातल्या सगळ्या वस्तू मात्र एका विशिष्ट दिवशी एकत्र होत्या. कुणीतरी त्या मोजून घेतल्या होत्या, कुणीतरी त्यांचे पैसे मोजले होते.

उलुबुरुनच्या जहाजात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील होतं. कांसं करायला साधारण हेच प्रमाण लागतं, दहाला एक. कुठल्याही ग्रंथात न लिहिलेला एका व्यापाऱ्याचा हिशेब समुद्राच्या तळाशी ३,३०० वर्षं मांडून ठेवलेला होता. ते जहाज पूर्ण उकरायला १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं आणि बावीस हजारांवर बुड्या लागल्या. त्यात सोनं होतं, हस्तिदंत होता, नेफरतिती राणीच्या नावाचा सोन्याचा भुंगाही होता. लोकांना तो भुंगा आठवतो. मला ते दहाला एक आठवतं.

गोडवायाच्या काचेचं रासायनिक पृथक्करण झालं, तेव्हा ती भरपूर अल्युमिना (अल्युमिनियमचं ऑक्साइड) असलेली, दक्षिण आशियातच बनणाऱ्या जातीची निघाली. आता यासमोर 'पेरिप्लस' ठेवून पाहा. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेली ही सागरी वाटांची पोथी. तिच्यात बरिगाझा म्हणजे भडोचला पश्चिमेकडून येणाऱ्या मालात कच्ची काच नोंदवलेली आहे. नुसत्या पोथीवर विसंबलं तर काच तिकडून यायची आणि आपण ती घ्यायचो, एवढंच चित्र उभं राहतं. गोडवायाच्या तळाशी मात्र आपल्याकडच्या भट्ट्यांतली काच आहे, ती आपल्याच समुद्रातून चाललेली आहे, आणि तिच्याबरोबर स्वयंपाकघरातला पाटा आहे. त्या ग्रीक व्यापाऱ्यानं त्याला दिसलं ते लिहिलं. पाट्याची नोंद करायचं त्याला कारण नव्हतं.

मला स्वतःला समुद्राखाली जाण्याचा अनुभव आहे तो एका बुडीचा, तारकर्लीला, पर्यटकांना नेतात तसा. सहा-सात मीटर असेल. कान दाबले जाऊन दुखायला लागले, प्रशिक्षकानं नाक धरून फुंकायची खूण केली, कान मोकळे झाले. हिरवट गढूळ उजेड, हाताच्या अंतरावर मासे, आणि आपल्याच श्वासाचा मोठ्ठा आवाज. वर आले तेव्हा वाटलं अर्धा तास झाला असेल. दहा मिनिटं झाली होती. त्या दहा मिनिटांत मला एक शिंपलासुद्धा नीट न्याहाळता आला नाही.

म्हणून ३३ मीटर हा आकडा वाचताना मला पोटात गोळा येतो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका वाढतो, म्हणजे तिथं दाब पृष्ठभागाच्या चौपटीहून अधिक. एका बुडीत तळाशी मिळतात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. वर येताना मध्ये थांबत थांबत यायचं, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन जिवावर बेततो. एवढ्या वेळात जमिनीवरच्या उत्खननात करतात ते सगळं करायचं: चौकोन आखायचे, मोजमापं घ्यायची, प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीनं रेखाटन करायचं. माती उपसायला घमेलं नाही, वाळू ओढून घेणारा पाइप असतो. प्रवाह जोरात असला की एका हातानं कशाला तरी धरून राहावं लागतं. आणि वस्तू वर आली म्हणजे काम संपत नाही. मडकं असो की काच, आत मुरलेलं मीठ काढायला ते महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात, पाणी बदलत ठेवावं लागतं; घाई केली की मिठाचे स्फटिक होऊन वस्तू आतून फुटते. लोखंड तर कित्येकदा आत पूर्ण विरघळून गेलेलं असतं, भोवतीच्या कवचात फक्त त्याच्या आकाराची पोकळी राहते. मग क्ष-किरणांनी ती पोकळी पाहायची, तिच्यात राळ ओतायची, आणि नाहीशा झालेल्या वस्तूचा साचा हातात घ्यायचा. ही गोष्ट मी कितीही वेळा वाचली तरी अंगावर काटा येतो.

गेल्या वर्षी मुद्दाम तेरला जाऊन आले. तेर म्हणजे पेरिप्लसमधलं तगर. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं त्यात लिहिलं आहे. तगरचं साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला जायची. आपल्याला तेर माहीत असतं ते गोरोबाकाकांचं म्हणून. मी आधी गोरोबाकाकांच्या समाधीला गेले आणि मग तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात. एका गावातल्या माणसानं आयुष्यभर आसपासची खापरं, मणी, मूर्ती वेचून जपल्या, त्यातून उभं राहिलेलं हे संग्रहालय. मातीला जपणाऱ्या कुंभाराच्या गावात असाच माणूस जन्माला यावा, असं मला तिथं फार वाटलं. शंखाच्या बांगड्यांपुढे मी बराच वेळ उभी होते. तेर कुठं, समुद्र कुठं. शंखासाठी बुडी मारणाऱ्या कुणाच्या तरी श्वासावर मराठवाड्यातल्या मुलींचे हात सजत होते. आणि तशाच शंख काढणाऱ्यांनी पुढे गोडवायाचं जहाज शोधावं.

तेरची हस्तिदंती बाहुली प्रसिद्ध आहे. अशाच घडणीची मूर्ती भोकरदनला मिळाली, आणि इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली मिळाली. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. पंचगंगेच्या काठी समुद्रदेव! या गोष्टी शाळेतच सांगायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. पण याच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्यामुळे आपल्या डोक्यात जुना सागरी व्यापार म्हणजे सोनं, हस्तिदंत, मिरी आणि रोमचे सम्राट असं बसलं आहे. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो, ही प्लिनी या रोमन लेखकाची तक्रार आपण अभिमानानं सांगतो. पायांचे असे पाटे तेरला आणि नेवाशालाही सातवाहनकाळच्या थरांत मिळाले आहेत, हे कुणी अभिमानानं सांगत नाही. नेवाशाच्या घरात ज्या पद्धतीच्या पाट्यावर वाटण वाटलं जात होतं, त्याच पद्धतीचा पाटा श्रीलंकेच्या समुद्रात आहे. माझ्या दृष्टीनं पॉम्पेईच्या मूर्तीपेक्षा हा पुरावा जास्त बोलका आहे. मूर्ती एखाद्या हौशी श्रीमंताकडे एकदाच जाऊ शकते. पाटा जातो तिथं त्यावर वाटणारी बाई असते, तिच्या जेवणाची चव असते, आणि वापरून वापरून झिजला की पुन्हा दुसरा पाटा लागतो.

गोडवायाच्या विहारापाशी खडकावर एक ब्राह्मी लेख आहे, दुसऱ्या शतकातल्या श्रीलंकेच्या गजबाहू राजाचा. 'गोडपवत पटन' असा त्यात गावाचा उल्लेख आहे. पटन म्हणजे आपलं पट्टण, बंदराचं गाव. तिथली जकात राजानं विहाराला देऊन टाकली आहे, आणि जकातीसाठी आलेला शब्द 'शुल्का'चंच रूप आहे. हे वाचताना मला नाणेघाट दिसत होता. घाटमाथ्यावर पोचलं की वाटेच्या कडेला तो दगडी रांजण आहे ना, जकातीचा म्हणतात तो. तिथून जवळच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा मोठा लेख. कल्याण-सोपाऱ्याचा माल घाट चढून जुन्नरला जायचा. एका टोकाला डोंगरावर जकात, दुसऱ्या टोकाला बेटावर जकात, मध्ये समुद्र, आणि दोन्हीकडे जवळपास एकच लिपी. कान्हेरी, कार्ल्याच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, यवन म्हणजे ग्रीक वगैरे पश्चिमेकडचे लोक आहेत. तिथंही विहार, इथंही विहार. व्यापाऱ्याची वाट आणि भिक्षूची वाट वेगळी नव्हती. म्हणूनच बहुधा पाट्यावर नंदीपद आणि श्रीवत्स आले.

आपल्या किनाऱ्यावर असं काय सापडलं, असं मला लोक विचारतात. घारापुरीच्या मोराबंदराकडे अँफोरांची, म्हणजे दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रोमन कुंभांची खापरं मिळाली आहेत. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. एस. आर. राव यांनी सागरी पुरातत्त्वाचं काम उभं केलं. त्या पथकानं द्वारकेच्या समुद्रात शंभराहून अधिक दगडी नांगर पाहिले. बेट द्वारकेला अँफोरांची खापरं आणि शिशाच्या नांगराचा आडदांडा मिळाला. गोव्याजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातलं एक पोर्तुगीज जहाज आहे, त्यात हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात होते. दगडी नांगर पाहिला आहे का तुम्ही? भोकं पाडलेला नुसता दगड. किनाऱ्यावरच्या गावांत तो कुठं पायरीला लावलेला असतो, कुठं कुंपणाला. विजयदुर्गच्या बाजूला गेलात तर दगडांकडे नीट बघा.

पण गोडवायासारखं जुनं जहाज कोकणाच्या पाण्यात अजून मिळालेलं नाही. आपला समुद्र गढूळ. पावसाळ्यात नद्या घाटाची माती आणून ओततात, चार महिने लाटा किनारा घुसळतात, उबदार पाण्यातला किडा लाकूड पोखरून चाळणी करतो. बुडी मारण्याजोगे महिने मोजकेच. त्यात तळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी. हर्णैच्या एका खलाशानं मला सांगितलं, जाळ्यात कधीकधी मडक्याचे तुकडे येतात, आम्ही परत टाकतो. त्याच्या बोलण्यात काही चूक नव्हती. जाळ्यातलं खापर त्याच्या काय कामाचं? मी त्याला विचारलं, कुठं टाकता ते लक्षात ठेवाल का? तो म्हणाला, आता विचारलंत म्हणून ठेवीन. असा प्रश्न त्याला आधी कुणी विचारायला हवा होता, आणि सांगायला कुठं जायचं तेही.

कारण वस्तू नुसती वर आणून चालत नाही. बेलितुंगच्या जहाजात चीनची सुमारे साठ हजार भांडी होती. ती एका व्यावसायिक कंपनीनं काढली, आणि त्या पद्धतीवर पुरातत्त्वज्ञांनी एवढे आक्षेप घेतले की २०११ साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेनं ठरलेलं प्रदर्शन पुढे ढकललं आणि मग रद्द केलं. वाद अजून चालतो. मी पुरातत्त्वज्ञांच्या बाजूची आहे. कुठलं भांडं कशाच्या शेजारी होतं, कशाखाली होतं, हे नोंदवलं नाही तर हातात राहतात ती जुनी भांडी. दहाला एकचा हिशेब गेलेला असतो.

आमचा पाटा आता डोंबिवलीत आहे. गावचं घर दुरुस्त करताना पडवीतून उकरून काढला, तेव्हा कळलं की तो जमिनीत वीतभर खोल होता. दोघांनी उचलून गाडीत ठेवला. वाटणाला मिक्सर आहेच, पण मागच्या महिन्यात भाचीच्या बाळाची पाचवी होती आणि पाचवीला पाटा लागतो. पाट्यावर सटवाईची पूजा मांडतात. बारशाला वरवंटाच बाळ होतो, त्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून देतात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." नंदीपद आणि मासा कोरलेल्या त्या पाट्याला कुंकू लागत असेल का, हे मी आपल्या घरांवरून ओळखते.

आईनं पाटा धुवायला सांगितलं. बाथरूममध्ये नळाखाली ठेवून मी तो घासत होते आणि चारही कडांवरून बोटं फिरवून पाहत होते. एका बाजूला बोटाला काहीतरी लागलं. वडारणीच्या टाकीच्या खुणा होत्या, एका रेषेत, बारीक, दाट.

"काय शोधते आहेस?" आई दारात येऊन म्हणाली. "आण इकडे. तान्हं उठायच्या आत मांडून घेऊ."